‘नगण्य’ लिहिण्याआधी

जानेवारी २०२५ मधली एक संध्याकाळ. घाटकोपरहून डोंबिवली फास्ट पकडलेली, एक हात कडीला, दुसऱ्यात डबा, आणि पर्समध्ये फोन वाजतोय. उचलता आला तो थेट ठाण्याला. सर म्हणाले, "ईसी अपलोड झालीय. घरी पोचलीस की बघ." ईसी म्हणजे पर्यावरण मंजुरी. ऑगस्ट २०२३ पासून सतरा महिने ज्या पत्रासाठी पळत होतो ते आलं, आणि मला धड बसायलाही जागा नव्हती.

हे लिहितेय ते एम.एस्सी. करून या कामात शिरणाऱ्या पोरापोरींसाठी. समुद्रातल्या तेल-वायू प्रकल्पाचा ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास, प्रत्यक्षात कसा होतो हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर निदान दोन-तीन रडारडी वाचल्या असत्या. कंपनीचं नाव सांगणार नाही, तसा करार आहे. आमच्या सल्लागार संस्थेचंही नाही. माझा हुद्दा सगळ्यात खालचा. नॅबेटची, म्हणजे अशा संस्था तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या संस्थेलाच ईआयए करता येतो आणि त्यातही प्रत्येक विषयाला मान्यताप्राप्त तज्ज्ञ लागतो. माझं नाव अहवालात आहे, पण टीम मेंबर म्हणून, बारीक अक्षरात.

प्रकल्प मुंबईच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर. पाणी साधारण ६० मीटर. एक छोटा वेलहेड प्लॅटफॉर्म (विहिरींची तोंडं ज्यावर असतात तो मंच), काही विकासविहिरी, म्हणजे प्रत्यक्ष तेल-वायू काढायच्या विहिरी, आणि जुन्या प्लॅटफॉर्मपर्यंत समुद्रतळावरून पाइपलाइन. मुंबई हाय याच्याही पलीकडे, सुमारे १६० किलोमीटरवर. तिथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगनं तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. म्हणजे या समुद्रात भोकं पाडायला लागून अर्धशतक झालं. त्यामुळे आधीचा भरपूर अभ्यास आयता मिळेल असं मला वाटलं होतं. अहवाल मिळाले. पण आपल्या चौकोनातली माती आपणच काढायची असते.

सुरुवात अर्जापासून. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत समुद्रातलं तेल-वायूचं काम १(बी) या नोंदीखाली येतं. जानेवारी २०२० मध्ये त्यात बदल झाला आणि नुसतं शोधकार्य ‘बी-२’ या हलक्या गटात गेलं. विकास आणि उत्पादन मात्र ‘ए’ गटातच राहिलं. आमचं विकासाचं, म्हणून फाईल दिल्लीला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे. आधी ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज करून टीओआर घ्यायचे. टीओआर म्हणजे टर्म्स ऑफ रेफरन्स, अभ्यासात काय काय बघायचं याची यादी. या परीक्षेची प्रश्नपत्रिकाच. प्रश्न आधीच हातात मिळतात, फक्त उत्तरं समुद्राच्या तळाशी असतात.

आमचा पहिला अर्ज परत आला. कारण ऐकाल तर हसाल. केएमएल फाईलमधला, म्हणजे नकाशाच्या फाईलमधला, चौकोन आणि अर्जातले अक्षांश-रेखांश जुळत नव्हते. एकानं आकडे अंश-मिनिटांत दिले होते, दुसऱ्यानं ते दशांश अंश समजून टाकले. १८ अंश ५६ मिनिटं म्हणजे १८.५६ नव्हे, १८.९३. हे शाळेतल्या पोरालाही कळतं, पण रात्री साडेनऊला पोर्टल तिसऱ्यांदा लॉगआउट करतं तेव्हा कळत नाही. एकोणीस दिवस गेले. तेव्हापासून माझ्या टेबलावर चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘मिनिटं आहेत का दशांश?’ (ही चिठ्ठी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

ऑक्टोबरात टीओआरचं पत्र आलं. आमच्या पत्रात जनसुनावणीची अट नव्हती. काम खोल समुद्रात, किनाऱ्यावर नवीन काहीच येणार नव्हतं. ऑफिसात सगळ्यांनी हुश्श केलं. मीही केलं.

मग सुरू झाली बोटीची वाट. मूलभूत माहिती, म्हणजे काम सुरू होण्याआधी समुद्र कसा आहे याची नोंद, पावसाळा सोडून एका हंगामाची चालते आणि अहवाल सादर करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते. म्हणजे ऑक्टोबर ते मे अशी मोकळी खिडकी दिसते. ती मोकळी नसते. भाड्याची बोट मिळायला हवी, तेलक्षेत्रात शिरण्यासाठी नौदलाच्या ऑफशोअर डिफेन्स ॲडव्हायझरी ग्रुपकडून बोट आणि माणसांची सुरक्षा-मंजुरी हवी, प्लॅटफॉर्मच्या भोवतालच्या ५०० मीटरच्या सुरक्षाक्षेत्राजवळ जायला प्लॅटफॉर्मवाल्यांची परवानगी हवी, बंदरात शिरायला पास हवा. प्रत्येकाच्या कागदपत्रांचे तीन तीन संच. आमच्यातल्या एकाच्या आधारवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यात एका ‘राव’चा फरक होता, त्यात आठ दिवस गेले. तुम्हाला असं काम करायचं असेल तर आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

मधल्या काळात वैद्यकीय तपासणी आणि समुद्रात जीव वाचवण्याचा कोर्स. लाइफ जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारायची असते. मला पोहता येतं ते बाबांनी लहानपणी विहिरीत कमरेला दोरी बांधून शिकवलेलं, तेवढंच. नाक चिमटीत धरून मारली. फी ऑफिसनं भरली. माझे स्वतःचे खर्च म्हणजे गमबूट साडेपाचशे, उलटीच्या गोळ्या चाळीस, आलेपाक साठ, आणि परतीची रात्रीची टॅक्सी, जी या तिन्हींच्या बेरजेपेक्षा महाग पडली.

११ जानेवारी २०२४ ला मुंबई बंदराच्या यलो गेटमधून आत गेलो आणि संध्याकाळी इंदिरा डॉकमधून निघालो. प्राँग्जचं दीपगृह मागे पडेपर्यंत मी डेकवर उभी राहून फोटो काढत होते. त्यानंतरचे पाच तास बादलीजवळ होते. गोळी आदल्या रात्री घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नाही. आणि झोपायला बोटीच्या मधली, खालची बंक मागा. पुढची बंक म्हणजे पाळणा, आणि आतलं बाळ तुम्ही.

सोळा स्टेशनं, म्हणजे नमुने घ्यायच्या जागा, होती. प्रस्तावित जागेपासून २५०, ५००, १००० आणि २००० मीटरवर, प्रवाहाच्या दिशेला आणि आडवी. प्रत्येक ठिकाणी पाणी तीन थरांतून घ्यायचं: वरचं, मधलं, तळाचं. विरघळलेल्या प्राणवायूची बाटली जागच्या जागी रसायन घालून बंद करायची. झाकणाखाली बुडबुडा राहिला की ती बाद. मग प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची, जाळी ओढायची. आणि शेवटी ग्रॅब.

ग्रॅब म्हणजे दोन जबड्यांचं लोखंडी खोरं. वायरवर खाली सोडायचं. तळाला टेकलं की खटका सुटतो, वर ओढताना जबडे मिटतात आणि समुद्रतळाचा एक दशांश चौरस मीटरचा तुकडा वर येतो. यावा अशी अपेक्षा असते. सातव्या स्टेशनला पहाटे तीन वाजता आमचा ग्रॅब वर आला तो जबड्यात एक शिंपला अडकवून, फटीतून सगळी माती गळून गेलेली. पुन्हा टाकला. रिकामा. बोसन दादा, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणाले, "मॅडम, लिहून टाका ना पहिलंच, कोण बघतंय?" थट्टाच होती, पण मी इतकी दमले होते की मला ती क्षणभर सूचना वाटली. तिसऱ्यांदा आला तो भरून. हिरवट करडी, गार, लोण्यासारखी माती, वरचा थर जरासा तपकिरी, आणि गंधकाचा हलका वास. जड धातूंसाठी प्लॅस्टिकच्या चमच्यानं, तेलाच्या अंशांसाठी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये. उलट केलंत तर फॉइलचाच धातू मोजाल. उरलेली माती अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर, पाण्याची धार हळू ठेवून धुवायची. धार जोरात सोडली की किडे तुटतात आणि नंतर डोकी मोजायची का शेपट्या, हा वाद होतो.

लेबल पेन्सिलीनं लिहा, ट्रेसिंग पेपरवर, आणि बरणीच्या आत टाका. बाहेरचं पेनानं लिहिलेलं लेबल, किडे टिकवायला बरणीत घालतात त्या फॉर्मालिननं पुसलं जातं. माझी दोन गेली, आतली होती म्हणून वाचले.

चार दिवसांत काम संपलं. वारा आणखी एक दिवस पडलेला राहिला असता तर बरं झालं असतं, पण बोट नुसती उभी राहिली तरी भाड्याचा मीटर चालू असतो, आणि तो लाखांत असतो.

फेब्रुवारी ते एप्रिल मी मायक्रोस्कोपखाली होते. ‘रोज बेंगॉल’ नावाचा रंग घातला की मातीतले जीव गुलाबी होतात आणि कचरा करडाच राहतो. चिमट्यानं एकेक गुलाबी जीव उचलायचा, गटानुसार बशीत ठेवायचा, मोजायचा. बहुतेक पॉलिकीट, म्हणजे समुद्री गांडुळांसारखे वळवळे. मग बारीक शिंपले, कोळंबीच्या जातीतले किडे. ‘एवढ्या मोठ्या तेलाच्या प्रकल्पात तू किडे मोजतेस?’ असं आईनं विचारलं. तिला सांगितलं ते इथेही सांगते. विहीर खणताना निघणारा दगडाचा चुरा, कटिंग्ज, प्लॅटफॉर्मवरून समुद्रात सोडतात, आणि तो तळावर बसतो. मासा पळून जाईल, हा किडा जाणार नाही. पाच वर्षांनी तळ बदलला का हे बघायचं तर आज इथे कोण राहत होतं याची शिरगणती लागते. शिवाय मड, म्हणजे खणताना विहिरीत सोडतात तो चिखलासारखा द्रव, जड करायला बराइट वापरतात, म्हणजे बेरियमचं खनिज. आज मातीत बेरियम किती आहे हे मोजून ठेवलं तर उद्याची वाढ कोणाची ते सांगता येतं. कटिंग्जवर ऑगस्ट २००५ चे नियम आहेत: किलोला १० ग्रॅमपेक्षा जास्त तेल नको, बराइटमध्ये पारा किलोला १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या आत. तेलाबरोबर वर येणारं पाणी प्रक्रिया करून सोडतात, त्यात लिटरला ४० मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं, तेही ९५ टक्के वेळा, आणि १०० च्या वर कधीच नाही. हे आकडे पाठ करा, मुलाखतीत विचारतात.

मे महिन्यात तक्ता भरायला घेतला. उभ्या रांगेत कामं: रिग आणणं, विहीर खणणं, पाइपलाइन टाकणं, वायू जाळणं. आडव्या रांगेत पाणी, तळ, मासे, सस्तन प्राणी, मच्छीमारी. प्रत्येक चौकटीत परिणामाची तीव्रता गुणिले शक्यता, आणि त्यावरून शेरा. मासेमारीच्या चौकटीत जुन्या अहवालांत जो शेरा होता तोच आमच्याकडे आला: निग्लिजिबल. आधार काय? आकडेवारीत त्या चौकोनातली मासेमारी शून्य.

हे शून्य कुठून आलं ते मला उशिरा कळलं. मासळीची आकडेवारी गोळा होते ती उतरण्याच्या ठिकाणी, म्हणजे ससून डॉकला, भाऊच्या धक्क्यावर, वेसाव्याला. टोपलीतली सुरमई कुठल्या पाण्यातली हे त्या नोंदीत नसतं. समुद्राच्या नकाशावर ती पसरायला गेलं की सगळे चौकोन कोरे दिसतात.

जनसुनावणी नव्हतीच, पण सरांनी एका मच्छीमार सोसायटीत जाऊन माहिती देऊन यायला सांगितलं. "मराठीत दोन पानं कर," म्हणाले. ती दोन पानं लिहिताना मी त्या शेऱ्याचं ‘नगण्य’ केलं. शब्द सरळ सोपा, रोजचा. जूनमध्ये, बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर असतात तेव्हा, कोळीवाड्यात गेले. सगळे जाळी दुरुस्त करत बसलेले. पाऊस नुकता उघडला होता, आणि ताडपत्रीखाली एक नाखवा नायलॉनची सुई दातात धरून माझी दोन पानं वाचत होते. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. नगण्यपाशी बोट थांबलं. सुई काढली आणि म्हणाले, "पोरी, नगण्य म्हणजे मोजलं नि कमी निघालं, का मोजलंच नाय?"

किडे मोजण्यात तीन महिने घालवलेल्या माणसाला हा प्रश्न कसा लागला असेल ते समजून घ्या. मी खरं तेच सांगितलं. ते रागावले नाहीत. "आमी मग ३३ वाव पाण्यात जाऊन काय पाणी धरून आणतो?" म्हणाले आणि मुलाला बोटीवरचा जीपीएस आणायला पाठवलं.

वाव म्हणजे सहा फूट. तेहतीस वाव म्हणजे आमचंच ६० मीटर. लहानशा पडद्यावर वर्षानुवर्षांच्या खुणा होत्या. मासा लागला तिथे एक, जाळं फाटलं तिथे कवटीचं चिन्ह. आमच्या जागेपासून पाच किलोमीटरच्या आत चौदा खुणा, त्यातल्या तीन कवट्या. सुरक्षाक्षेत्र ५०० मीटरचं, म्हणजे पाऊण चौरस किलोमीटरहून किंचित जास्त, एवढ्याशा जागेनं काय बिघडतं, हा आमचा युक्तिवाद मी त्यांच्यासमोर मांडला. त्यांनी सुतळीचा तुकडा ओल्या फरशीवर ठेवला, शेजारी बाटलीचं बूच. "हे जाळं. हे वाहतं, आमी नाय चालवत. तुझ्या बुचाला लागायच्या आधी उचलायला पायजे. मग कुठं उचलू? बुचाजवळ का इथं?" आणि सुतळीचं टोक हातभर मागे नेलं. पाऊण चौरस किलोमीटरचा हिशोब फरशीवर तिथेच मोडला.

निघताना चहा झाला आणि गप्पा २०१० वर गेल्या. त्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ची टक्कर होऊन तेल सांडलं होतं. नाखवीण म्हणाल्या, तेल गेलं लवकर, गिऱ्हाईक यायला वेळ लागला. तेलगळतीच्या आमच्या प्रकरणात वारा होता, प्रवाह होता, पावसाळ्यात तवंग किनाऱ्याकडे सरकतो आणि हिवाळ्यात तेवढा नाही हेही होतं, ७०० टनांपर्यंतच्या गळतीची पहिली पातळी आणि तटरक्षक दलाची राष्ट्रीय योजना होती. गिऱ्हाईक नव्हतं. ते मी घातलं, एका वाक्यापुरतं.

ऑफिसात मात्र खटका उडाला. सरांचं म्हणणं, एका माणसाच्या जीपीएसवर शेरा बदलता येत नाही. खोटं नव्हतं ते. मग आणखी पाच नाखव्यांकडे गेले, परवानगी घेऊन, नावं न लिहिता, फक्त खुणा. जुलैअखेर त्या नकाशावर टाकल्या आणि सरांसमोर ठेवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच चौकट बदलली: नगण्यचं ‘अल्प’ केलं आणि शेजारी उपाय लिहिले. रिग हलवण्याआधी सोसायट्यांना मराठीत सूचना, स्थान त्यांच्या यंत्रात असतं तसं अंश-मिनिटांत, आणि काम संपल्यावर तळावर पडलेलं लोखंड काढून नेणं. तीन कवट्या त्या लोखंडासाठीच होत्या, असा नाखव्यांचा संशय. अल्प म्हणजे फार मोठी क्रांती नव्हे. पण नगण्यच्या शेजारी उपायांची चौकट रिकामी सोडता येते, अल्पच्या शेजारी नाही.

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अहवाल सादर झाला. नियमात तज्ज्ञ मूल्यांकन समितीला ६० दिवस, त्यानंतर मंत्रालयाला ४५. नोव्हेंबरात सादरीकरण, व्हिडिओवरून. बोलले सर. मी मागे, हाताशी फाईल. बाराएक मिनिटं मिळाली. प्रश्न बराइटमधल्या पाऱ्यावर आला, कटिंग्ज कुठे बसतील यावर आला, आणि एका सदस्यानं विचारलं की हा मासेमारीचा नकाशा कुठल्या सरकारी स्रोतातला. सर म्हणाले, मच्छीमारांकडून. पलीकडे शांतता, मग "नेक्स्ट स्लाइड प्लीज". याचा अर्थ चांगला की वाईट हे मला रात्रभर समजलं नाही. अधिकची माहिती मागवली गेली, त्यात महिना गेला. डिसेंबरात शिफारस, जानेवारीत पत्र.

पत्र मी त्या रात्री डोंबिवलीला पलंगावर बसून वाचलं. बहुतेक अटी छापील, सगळ्याच प्रकल्पांना असतात तशा. मासेमारीवर एक ओळ: अहवालातल्या उपायांची अंमलबजावणी करावी. आता दर १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही पूर्तता अहवाल द्यायचा, त्यात या ओळीचाही हिशोब द्यावा लागेल.

रविवारी अहवालातलं ते एक पान छापून कोळीवाड्यात गेले. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखालून वाकून आत शिरावं लागलं. नाखव्यांनी पान हातात घेतलं, चष्मा नव्हता म्हणून लांब धरलं, आणि आपल्या रंगाच्या खुणांवर बोट ठेवत मोजायला लागले. बारावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"दोन कमी हायत पोरी."

घरी येऊन तीच एक्सेल फाईल उघडली. दोन ओळींत रेखांश ७१ ऐवजी ७० टाइप झाला होता. त्या दोन खुणा शंभर किलोमीटर पश्चिमेला, नकाशाच्या बाहेर पडल्या होत्या. मिनिटं बरोबर होती.